मातीची विचारपूस : गायरानातला स्फुरद कुठं जातो?

दिवाळीनंतर गवताची कापणी उरकली की माझ्या टपालाचा रंग बदलतो. ऊस-कांदा मागं पडतात आणि कुरणं, गायरानं, मेंढरं पुढं येतात. या खेपेची बहुतेक पत्रं फिरून फिरून स्फुरदापाशीच, म्हणजे फॉस्फरसपाशीच येत होती, म्हणून ती एकत्र घेते. ज्यांच्या कांद्याला पीळ पडलाय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी. त्यांची पत्रं जपून ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या गावानं गायरानाचा ४० एकरांचा तुकडा राखायला घेतलाय. ग्रामसभेत ठरलं म्हणून मातीचे दोन नमुने तपासून आणले. तुकडा एकच, नमुने काढले तेही एकाच दिवशी. एका अहवालात उपलब्ध स्फुरद हेक्टरी ६ किलो आलाय, दुसऱ्यात ४१. प्रयोगशाळेनं घोळ घातला म्हणायचं का? (वाचक, माण तालुका)

उत्तर : प्रयोगशाळेला बोल लावायची घाई करू नका. पत्रामागं तुम्ही हातानं नकाशा काढून पाठवलात, हे फार बरं केलंत. ४१ आलेला नमुना लिंबाच्या झाडापासून पंधरावीस पावलांवरचा आहे आणि झाडाशेजारी तुम्ही पाण्याचा हौद दाखवलाय. ६ आलेला नमुना वरच्या मुरमाड उतारावरचा. आता सांगा, दुपारी तुमची गुरं कुठं असतात? त्या लिंबाखाली, रवंथ करत. आणि उठली की पहिलं काम काय करतात, ते गुराख्याला विचारा.

जनावराच्या पोटातून स्फुरद बाहेर पडतो तो जवळजवळ सगळा शेणातून. मूत्रात नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) भरपूर, स्फुरद मात्र नावापुरता. गाय चरते सगळ्या माळावर, पण शेण टाकते विसाव्याच्या जागी, पाण्यावर, वाटेवर आणि रात्रभर गोठ्यात. म्हणजे रोज थोडा थोडा स्फुरद उतारावरून उचलला जातो आणि झाडाखाली किंवा गावात आणून टाकला जातो. नत्राची गोष्ट वेगळी. ते हवेत उडून जातं, पाण्याबरोबर झिरपतं आणि शेंगवर्गी झाडं हवेतून ते परतही आणतात. स्फुरदाला हवेची वाटच नाही. मातीत तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो. कुरणातला स्फुरद लांब जातो तो जनावराच्या पायांनी, नाहीतर धुपणाऱ्या मातीबरोबर. आजच्या बाकीच्या पत्रांनाही हीच गोष्ट लागू आहे, म्हणून इथंच सांगून टाकली.

तेव्हा तुमचे दोन्ही आकडे बरोबर असणार. उपलब्ध स्फुरद हेक्टरी १० किलोच्या आत असला की कमी, १० ते २५ मध्यम आणि त्यावर भरपूर, असं ढोबळमानानं धरतात. उतार उपाशी आहे आणि झाडाखालची जागा तुडुंब भरलेली. दोन्हींची सरासरी काढून ‘आमचं गायरान मध्यम’ असं ग्रामसभेत सांगू नका, त्या आकड्याची जमीन तुमच्या ४० एकरांत कुठंच नाही.

नमुने पुन्हा काढा. वरचा माथा, मधला उतार आणि खालची खोलगट जागा यांचे तीन वेगळे नमुने. प्रत्येक भागात नागमोडी चालत पंधरावीस ठिकाणी वरचं गवत खरवडून १५ सेंटिमीटर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती तासून घ्यायची. झाड, हौद, बांध, पायवाट, शेणाचे पोवटे यांपासून लांब राहायचं. सगळी माती एकत्र कालवून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा कालवा. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. हौसच असेल तर झाडाखालचा नमुना चौथा म्हणून काढा, पण पिशवीवर तसं लिहा.

आणि हेक्टरी ६ म्हणजे जमिनीत तेवढाच स्फुरद आहे असंही नव्हे. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन बावीसेक लाख किलो भरतं. त्यात एकूण स्फुरद शेकडा ०.०५ जरी धरला तरी हजाराच्या वर किलो होतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शियमशी घट्ट बांधलेला असतो, मुळांना सुट्टा मिळतो तो चिमूटभर.

प्रश्न : आमची दुसऱ्या वेताची खिलार गाय माळावर सोडली की हाडं शोधते. सापडलं की चघळत उभी राहते, हाकललं तरी टाकत नाही. घरी चिंध्या, चपला, भिंतीची माती. जंताचं औषध देऊन झालं. गावात लोक म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. (वाचक, सांगोला)

उत्तर : बाहेरचं काही नाही हो. आतलंच कमी पडतंय. तुमच्या पत्रात चाऱ्याची यादी आहे : कडबा, माळावरचं वाळकं कुसळी गवत आणि ‘जमेल तेव्हा’ पेंड. हिशोब करू. साडेतीनशे किलोची गाय दिवसाला आठेक किलो वाळकं खाते. पावसाळ्यानंतर पिकून वाळलेल्या माळाच्या गवतात शंभर किलोमागं स्फुरद असतो शंभरेक ग्रॅम. म्हणजे गायीच्या पोटात गेले आठ ग्रॅम. नुसतं अंग धरून राहायला तिला दहाएक ग्रॅम लागतात. शिवाय दर लिटर दुधातून जवळजवळ एक ग्रॅम जातो, त्यासाठी चाऱ्यातून दीडेक ग्रॅम मिळायला हवा. चार लिटर दूध धरलं तर एकूण गरज सोळा ग्रॅमची. निम्म्यावर गाय चाललीय. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते, कारण अंगातला ऐंशी टक्के स्फुरद तिथंच साठवलेला असतो. म्हणून तिला दुसऱ्याची हाडं दिसतात.

हे कोडं पहिल्यांदा नीट सुटलं ते दक्षिण आफ्रिकेत. फ्रायबर्गच्या कोरड्या माळांवर गुरं पाय लुळे पडून मरायची, तिकडचे शेतकरी त्या रोगाला ‘लामसीक्ते’ म्हणत. अर्नॉल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे पशुवैद्य. १९०८ साली उभ्या राहिलेल्या ऑन्डरस्टेपूर्टच्या संशोधन संस्थेचे ते प्रमुख. त्यांनी माळावरच्या एका शेतावरच तळ टाकला आणि १९२० च्या सुमारास सगळी साखळी मांडून दाखवली. मातीत स्फुरद कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गायीला हाडांची ओढ. हाडाला चिकटलेल्या कुजक्या मांसात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात, ते विष पोटात गेलं की गाय लुळी पडते. जंतू मारत बसण्यापेक्षा गायीच्या तोंडी स्फुरद घातला की हाडं चघळणं थांबतं आणि रोगही थांबतो, हे त्यांनी सिद्ध केलं. मातीच्या पोटातली उणीव जनावराच्या वागण्यातून वाचणारा हा माणूस मला फार आवडतो.

तुमच्या गायीला धोका आहे तो हाच. पूर्वी माळावर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं काही तासांत सांगाडा स्वच्छ करून ठेवायची आणि हाडं गोळा करणारे येऊन ती कारखान्याला नेत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली ढोरं खाऊन गिधाडं संपत आली. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता मेलेलं ढोर माळावर कुजत पडतं आणि तुमची गाय त्याच माळावर चरते. ग्रामपंचायतीला सांगून ढोरं चुना टाकून खोल पुरायची सोय करा. ते होईपर्यंत गायीला माळावर सोडताना तोंडाला मुसकं बांधता येतं, पण मग ती चरणार काय? तेव्हा चारा सुधारणं हाच खरा मार्ग.

रोज किलोभर गव्हाचा कोंडा द्या. त्यात आठ ते दहा ग्रॅम स्फुरद असतो, तुमच्या गायीची तूट जवळपास तेवढीच आहे. तो फायटेटच्या रूपात असतो आणि माणसाच्या पोटाला नीट पचत नाही, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू तो सोडवतात. सोबत पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण. पिशवीवर स्फुरदाचं प्रमाण वाचून घ्या, बिनमिठाच्या चांगल्या मिश्रणात ते १२ टक्क्यांच्या आसपास असतं. ‘स्पेशल’, ‘गोल्ड’ वगैरे अक्षरं मोठी आणि टक्के बारीक अशी पिशवी असेल तर दुकानदाराला परत द्या. हाडांचा चुरा मात्र घालू नका. तो नीट निर्जंतुक केलेला नसेल तर ज्या रोगाला घाबरतोय तोच घरी आणाल, आणि रवंथ करणाऱ्यांना हाडामांसाचा चुरा चारण्यातून इंग्लंडात गायींचं वेड कसं पसरलं ते जगानं पाहिलंय.

ओढ जायला काही आठवडे लागतील. सवय झालेली असते.

प्रश्न : म्हैस व्याल्यावर वीस दिवसांनी चहाच्या अर्कासारखी लाल लघवी करू लागली. हेही स्फुरदाचंच का? (वाचक, करवीर तालुका)

उत्तर : बहुधा, पण हे पत्रानं ठरवायचं दुखणं नाही. व्याल्यावर दूध चढतं त्या दिवसांत रक्तातला स्फुरद घसरतो आणि तांबड्या पेशी फुटतात. गोचीड तापातही लघवी लाल होते, मात्र त्यात अंगात ताप असतो. म्हणून डॉक्टरांना आजच बोलवा. स्फुरदाचं इंजेक्शन शिरेतून द्यावं लागतं, ते बघूनशिकून करायचं काम नव्हे. माझा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत म्हैस बरी झालेली असो.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून सुपर फॉस्फेटच्या ५० गोण्या मिळतायत. ७० एकर गायरानावर पावसाच्या तोंडावर फेकाव्यात असं पोरांचं म्हणणं. सोबत स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटंही देतायत. (वाचक, पारनेर तालुका)

उत्तर : फेकू नका. सुपरच्या पन्नास किलोंच्या गोणीवर १६ टक्के लिहिलेलं असतं ते ऑक्साइडच्या रूपातलं. शुद्ध स्फुरद भरतो साडेतीन किलो. पन्नास गोण्यांचा झाला पावणेदोनशे किलो. सत्तर एकर म्हणजे अठ्ठावीस हेक्टर. हेक्टरी सहा किलो, तोही मुरमाड उतारावर उघडा. निम्मा चुनखडीत अडकेल, उरलेल्यातला बराचसा वळवाच्या पहिल्या दणक्यात मातीबरोबर पाझर तलावात जाईल आणि तिथं शेवाळ छान पोसलं जाईल. फोटो मात्र चांगले येतील.

ओढ्याकाठचा, जिथं हातभर तरी माती आहे असा सातआठ एकरांचा तुकडा निवडा. सगळ्या बाजूंनी चर किंवा काटेरी कुंपण. तिथं हेक्टरी पाच गोण्या, म्हणजे सगळ्या मिळून पंधरा. सुपर कुजलेल्या शेणखतात कालवून, हलकी नांगरट करून नांगराच्या तासांत पडू द्या. चुन्याशी गाठ जितकी कमी पडेल तितका तो मुळांसाठी मोकळा राहतो. सोबत मारवेल किंवा अंजन गवताची ठोंबं आणि मध्ये स्टायलो हमाटा. स्टायलोच्या बियांचं टरफल कठीण असतं, उकळून जरा निवलेल्या पाण्यात चारपाच मिनिटं बुडवून काढल्याशिवाय ते नीट उगवत नाही. स्टायलो शेंगवर्गी. नत्र ते स्वतः हवेतून बांधतं, त्यासाठी त्याच्या मुळावरच्या गाठींना स्फुरद लागतो. खताचा पैसा वसूल होतो तो इथं. नुसत्या कुसळी गवताला सुपर घालणं म्हणजे नत्राची भूक लागलेल्याला भलतंच वाढणं.

उरलेल्या पस्तीस गोण्यांच्या बदल्यात खनिज मिश्रण आणि स्टायलोचं बी मिळतं का ते देणगीदाराला विचारा. कारण असं : उत्तर ऑस्ट्रेलियात असेच अफाट, स्फुरदाला भुकेलेले माळ आहेत. तिथले गुरंवाले सगळ्या माळावर खत टाकायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, ते जनावरांना स्फुरद चाटवतात. जमिनीवर टाकलेल्या किलोतला थोडाच गवतातून गायीपर्यंत पोचतो, तोंडात घातलेला थेट पोचतो. आणि जनावराला लागून उरलेला शेणातून माळावरच पडतो, जनावर तिथं बसत असेल तर.

या ‘तर’कडेच मंडळानं लक्ष द्यावं. उन्हाळ्याच्या रात्री गुरं गोठ्यात आणण्याऐवजी आळीपाळीनं राखण ठेवून कुंपणातल्या तुकड्यात बसवता येतील का? आज इथं, चार दिवसांनी पुढं. बिबट्याची भीती तुमच्या भागात खोटी नाही, हे मला ठाऊक आहे. ते जमत नसेल तर निदान गायरानातलं शेण गोवऱ्यांसाठी वेचायला बंदी घाला. ज्या बाया ते वेचतात त्यांच्या चुलीची दुसरी सोय आधी करा, मगच बंदी.

जिवाणूंची पाकिटं घ्या, फुकट आहेत तर. बांधलेल्यातला थोडा स्फुरद ते सोडवतात, नवा निर्माण करत नाहीत. आणि वाळक्या मुरमावर उधळलेले जिवाणू उन्हानं किती जगतात, याचा विचार पाकीट देणाऱ्यानं केलेला नसतो.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी धनगरांचा वाडा (मेंढरांचा कळप आणि बिऱ्हाड) येतो. यंदा ५०० मेंढ्या एकरावर चार रात्री बसवायच्या ठरल्यात. पैसेही द्यायचे आणि वर धान्यही. शेजारी म्हणतो, त्यापेक्षा दोन गोण्या सुपर टाक. (वाचक, बारामती तालुका)

उत्तर : नुसत्या स्फुरदाचा हिशोब केला तर शेजारी जिंकतो. मेंढी दिवसाला किलोभर वाळका चारा खाते, त्यात दीडदोन ग्रॅम स्फुरद. तो जवळजवळ सगळा लेंडीतून बाहेर पडतो आणि निम्मा रात्री पडतो असं धरू. एका मेंढीचे रात्रीला पाऊण-एक ग्रॅम, पाचशेंचे चारशे, चार रात्रींचे सोळाशे ग्रॅम. म्हणजे अर्धी गोणी सुपर.

पण गोणीत मूत नसतं. मेंढरांच्या मुतातलं नत्र आणि पालाश, लेंडीतला सेंद्रिय भाग, खुरांनी झालेली मशागत आणि शेतभर सारखं पसरलेलं खत, ज्याला ना बैलगाडी लागते ना मजूर. लेंडीतला स्फुरद हळूहळू सुटतो, म्हणून चुनखडीच्या तावडीत एकदम सापडत नाही. वाडा हलला की दुसऱ्याच दिवशी पाळी घालून लेंड्या मातीआड करा, नाहीतर नत्र उन्हात उडून जाईल. मी मेंढरं बसवेन, आणि माती तपासून कमी असेल तर अर्धी गोणी सुपरही टाकेन. शेजाऱ्यालाही नाराज करायला नको.

पैसे जास्त वाटत असतील तर एक बघा. त्या मेंढरांनी दिवसा चरून आणलेला स्फुरद तुमच्या शेतातला नाही. तो गायरानातला, वनखात्याच्या माळावरचा, रस्त्याच्या कडेचा, दुसऱ्याच्या पिकाच्या धसकटांतला. मैलोन् मैल चालून, वनरक्षकाची बोलणी खाऊन तो गोळा झालाय. माण-खटाव-फलटणकडचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, तिथं भाताच्या खाचरांतही हेच चालतं. कोकणातल्या राबाची तऱ्हाही अशीच. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, शेण आणून रोपाच्या वाफ्यावर भाजायचं, म्हणजे डोंगराचा स्फुरद राखेतून वाफ्यात. शेतं पिकली ती माळ उपाशी ठेवून. तेव्हा वाड्याला द्यायच्या धान्यात पायलीभर घासाघीस करू नका.

प्रश्न : माझा मुलगा न्यूझीलंडला वायकाटो भागात दुधाच्या फार्मवर नोकरीला आहे. तो सांगतो, तिथं कुरणाच्या मातीचा स्फुरद दरवर्षी तपासतात आणि मालक २५-३० आला की खूश होतो. डोंगरांवर म्हणे विमानातून खत टाकतात. ते लोक गवताची एवढी काळजी घेतात, मग आपल्याकडे का नाही? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : बाई, मुलाचं कौतुक वाटलं. फार्मवर नोकरी करून आईला मातीचे आकडे कळवणारी मुलं कमी.

आधी आकडा. चाचणी तीच, १९५४ साली ओल्सन नावाच्या मृदाशास्त्रज्ञानं बसवलेली, आपल्याकडे काळ्या जमिनीला वापरतात तीच. पण तिथं कुरणाच्या वरच्या साडेसात सेंटिमीटर थराची माती घेतात आणि आकडा दशलक्ष भागांत सांगतात. आपण १५ सेंटिमीटर घेतो आणि हेक्टरी किलोत सांगतो. तेव्हा त्यांचा २५ आणि आपला २५ शेजारी ठेवू नका. आपल्या मापात त्यांचा २५ पन्नासाच्या पुढं जातो. शिवाय वायकाटोत बरीच माती ज्वालामुखीच्या राखेची आहे, ती स्फुरद अशी काही गच्च धरते, की आपली लाल माती तिच्यापुढं उदार म्हणावी. एकदा पोटभर दिल्याशिवाय तिथं क्लोव्हर हा शेंगवर्गी चारा नीट वाढत नाही. आणि तिथल्या शेतीचा सगळा डोलारा क्लोव्हरवर उभा राहिला. स्फुरद क्लोव्हरला, क्लोव्हरचं नत्र रायगवताला, गवत गायीला.

विमानाचंही खरं आहे. तिकडचे डोंगर इतके उभे, की गाडी किंवा घोडा घेऊन खत टाकणं अशक्य. १९४८ साली हवाई दलानं युद्धातलं एक विमान घेऊन चाचण्या केल्या. १९४९ पासून छोटी विमानं भाड्यानं सुपर टाकू लागली. काही वर्षांत डोंगर हिरवे झाले आणि मेंढ्यांची संख्या वाढत गेली.

पण ते सुपर आलं कुठून? पॅसिफिक महासागरात नाउरू नावाचं २१ चौरस किलोमीटरचं बेट आहे आणि त्याच्या पूर्वेला बानाबा. १९०० साली तिथं अतिशय उत्तम प्रतीचा फॉस्फेटचा दगड सापडला. १९२० पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या सरकारांनी मिळून तो उपसला आणि आपापल्या शेतकऱ्यांना स्वस्तात दिला. बानाबाच्या लोकांना १९४५ साली उचलून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन बसवलं. नाउरू १९६८ साली स्वतंत्र झालं तेव्हा बेटाच्या मधल्या भागात बऱ्याच ठिकाणी उरले होते नुसते चुनखडीचे सुळके. आजही बेटाचा बहुतेक भाग ना शेतीचा ना वस्तीचा. न्यूझीलंडच्या कुरणांची काळजी तिथल्या लोकांनी घेतली हे खरं, पण ती दुसऱ्याच्या जमिनीच्या जिवावर. आमच्या गायरानातून गोठ्यात आणि गोठ्यातून उसात जाणारा स्फुरद आणि बानाबातून वायकाटोत गेलेला स्फुरद, यात मला फरक दिसतो तो अंतराचा, आणि बोटीत बसवून हाकललेल्या माणसांचा.

तिथंही डोंगरावरच्या मेंढ्या रात्री माथ्यावरच्या सपाट जागी बसतात. उतार भुकेला आणि माथा तुडुंब, अगदी माणच्या वाचकांच्या लिंबासारखं. दुधाच्या फार्मवर तर गायी दोन वेळा दूध काढायला गोठ्यात येतात. तिथलं शेणपाणी साठवून पुन्हा कुरणावर फवारतात, मुलाला विचारा, तो सांगेल. जास्त झालेला स्फुरद ओढ्यांत जाऊन तळी हिरवी होतात, हा आता तिथला मोठा वाद आहे.

आपल्याकडे का नाही, याचं एक उत्तर तुमच्या सांगलीत रोज सकाळी दिसतं. ज्या गावातून दिवसाला हजार लिटर दूध टँकरनं जातं, तिथून दूधाबरोबर रोज जवळजवळ एक किलो स्फुरद जातो. वर्षाचे साडेतीनशेच्या वर किलो, शंभर गोण्या सुपरएवढे. पेंड, सरकी, कोंडा, गोळीखाद्य यांतून तो परत येतो, कधी गेल्याहून जास्त. पण येतो तो गोठ्यात. गोठ्यातून उकिरड्यात, उकिरड्यातून उसात, द्राक्षात. बागायती शेतांचे अहवाल मी पाहिलेत, पन्नास-साठ किलोच्या पुढं गेलेले आणि तरी शेतकरी स्फुरद असलेल्या डीएपी खताची गोणी टाकतोच आहे. त्याच गावचं गायरान पाच-सहा किलोंवर. गायरान कुणाचं? सगळ्यांचं. मग शेणाची गाडी तिकडं कोण वळवणार?

थोडक्यात उत्तरं

*सावंतवाडीच्या वाचकांना :* तुमच्या मातीचा सामू (पीएच) ५.४ आहे आणि अहवालात चाचणी ओल्सनची लिहिलीय. आम्ल, जांभ्या मातीला ब्रेची चाचणी मागून घ्या. तुमच्याकडे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, चुन्याशी नाही. म्हणूनच तुमच्या कातळसड्यावरच्या गवताला आणि काजूला आम्ही सुपरऐवजी रॉक फॉस्फेटची बारीक पूडही सुचवतो, आम्ल मातीत ती हळूहळू विरघळते. हेच देशावरच्या चुनखडीत टाकलंत तर दगडावर दगड.

*आंबेगावच्या वाचकांना :* डोंगराला वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, असं आजोबा सांगायचे म्हणता. आगीत नत्र आणि गंधक उडून जातात, स्फुरद राखेत राहतो. त्यानं पहिले काही दिवस गवत टवटवीत दिसतं. पण उघड्या उतारावरची ती राख जूनच्या पहिल्या पावसात ओढ्याला लागते. गवताचा खरा फायदा हवा असेल तर कापणीची वेळ बदला. फुलोऱ्यावर असताना, नवरात्राच्या आसपास कापलेल्या गवतात स्फुरद आणि प्रथिनं दोन्ही टिकून असतात. तुम्ही मार्गशीर्षात कापता तोवर गवतानं निम्मंअधिक सत्त्व मुळांत परत नेलेलं असतं आणि गंजीत जातात त्या काड्या.

*उमरग्याच्या ताईंना :* गोवरी जाळली तरी तिच्यातला स्फुरद राखेतच असतो, तेव्हा राख मोरीत सोडू नका. परसातल्या भोपळ्या-दोडक्याच्या आळ्यात वर्षाला ओंजळ-दोन ओंजळी, शेणखतात कालवून. तुमची जमीन आधीच चुनखडीची असल्यानं त्यापेक्षा जास्त नको, राखेनं सामू आणखी चढतो आणि वेलांची पानं लोहाअभावी पिवळी पडतात. जास्तीची राख लाल मातीच्या माहेरी पाठवता आली तर उत्तम, एस.टी.त कंडक्टर चढवून घेत असेल तर.